मनगटापर्यंत गोरी

तिला सगळे मावशी म्हणत. वयाने मोठ्या असलेल्या बायकाही म्हणत, कारण पुढच्या खोलीत पार्लर सुरू केलं तेव्हा 'मावशीचं पार्लर' अशी पाटी तिनेच हौसेने रंगवून घेतली होती, आणि पाटी म्हणेल ते गल्लीने मानलं. पार्लर म्हणजे घराचाच पुढचा भाग. दोन खुर्च्या, एक उंच आरसा, मेण तापवायचं भांडं, आणि मागच्या खोलीच्या दारावर जाड पडदा. पडद्याच्या अलीकडे धंदा, पलीकडे संसार. नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. संध्याकाळी पान्यांची पिशवी घेऊन यायचा आणि खुर्चीत कुणी बसलेलं दिसलं तर मागच्या बोळातून चोरासारखा स्वतःच्याच घरात शिरायचा.

मावशीचा दोरा गल्लीत नावाजलेला होता. टोक दातात, बाकीचा दोरा बोटांत, आणि बघता बघता भुवई कोरून मोकळी. तोंड तेव्हाही चालूच असायचं. दोरा दातात धरून ती जे बोले ते फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांनाच कळे.

ती स्वतः काळी होती. सावळी म्हणून भागवायची सोय नाही इतकी काळी, आणि हे ती आपणहून सांगायची. लहानपणी आई पाहुण्यांना म्हणायची, "ही आमची थोरली. रंगाने काळी आहे, पण हुशार आहे." शाळेतले धडे ती विसरली, मैत्रिणींचे चेहरे विसरली, तो 'पण' काही विसरली नाही. त्यामुळे कुणी आई आपल्या मुलीला पुढे ढकलत "हिचं जरा बघा ना, मावशी" असं म्हणाली, की मावशीला पुढचं ऐकायची गरज पडत नसे. या पोरीच्या वाट्याचा 'पण' आपण पुसायचा, एवढंच तिला कळे.

स्वतःच्या तोंडाला मात्र तिने कधी काही लावलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "आचाऱ्याला कधी भूक लागते का? आणि आता मला बघायला कोण येणार आहे? जो आला होता तो नळ दुरुस्त करतोय."

पार्लरला लागणारा माल पत्र्याच्या पेटीतून घेऊन एक माणूस यायचा. त्याला ती पेटीवाला म्हणायची. मेण, दोऱ्याची रिळं, कापूस, आणि काही वर्षांपासून त्या पांढऱ्या डब्या. डबी पांढरी, झाकण पांढरं, आत क्रीम पांढरं. वर ना नाव ना गाव. आत काय आहे याचा एक शब्द नाही. मावशीने पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा तो हसून म्हणाला, "मोठ्या कंपन्या नावाचे पैसे घेतात. यात नुसता माल आहे. झाडपाल्याचा."

माल मात्र खरा होता. मावशी वाटीत क्रीम काढायची, त्यात थोडं गुलाबपाणी घालून बोटांनीच घोटायची आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर, मानेवर सावकाश चोळत बसायची. काही आठवड्यांत फरक दिसे. बायका आरशासमोर मान वळवून वळवून बघत, घरी लावायला डबीही विकत नेत. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, आणि मावशीला दुपारचं जेवण उभ्याउभ्या उरकायची वेळ आली.

क्रीम चोळून चोळून तिचे हातही उजळले. बोटं, पंजे, मनगटापर्यंत सगळं गोरं, आणि तिथून वर मूळचा रंग. मध्ये पट्टी धरून रेघ मारल्यासारखी. नवरा म्हणायचा, "आधी हातमोजे काढ, मग जेवायला बस." ती त्याला गप्प बसवायची. पण कधी पार्लर रिकामं असलं की हात मांडीवर ठेवून बघत राहायची. दुसऱ्या कुणाचे आणून जोडल्यासारखे ते दिसत, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडत.

नक्की कधी बिघडायला लागलं हे तिला सांगता आलं नसतं. आधी तोंडाची चव गेली. काहीही खा, जिभेवर नाणं ठेवल्यासारखं वाटायचं. मग झोप उडाली. मग चिडचिड. नवऱ्याने चहात साखर कमी आहे म्हटलं तर तिने कप मोरीत ओतला आणि नंतर पडद्यामागे जाऊन रडली. आपण का रडतोय हे तिचं तिलाच समजेना. अशी ती नव्हती. लग्न झाल्यापासून घरात रडायचं काम नवऱ्याकडे होतं, तेसुद्धा फक्त कांदा चिरताना.

विसरभोळेपणा तर असा की सांगायची लाज वाटावी. बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसणारी एक तिशीतली मुलगी होती. मावशी तिला खिडकीवाली म्हणायची. जुनं आणि आवडतं गिऱ्हाईक. डबी संपायच्या आत दुसरी मागणारी. एकदा ती भुवया करून गेली आणि थोड्या वेळाने हसत परत आली. "मावशी, दुसरी भुवई उद्या करणार आहात का?"

मावशीने बघितलं. एक भुवई कोरलेली, दुसरी जशीच्या तशी. खिडकीवाली हसली, खुर्चीतली दुसरी बाईही हसली, म्हणून मावशीही हसली. पण दोन्ही केल्या होत्या हे तिला अगदी स्वच्छ आठवत होतं. मग आठवतंय ते कुणाचं, आणि समोर दिसतंय ते कुणाचं?

पुढच्या खेपेला हात थरथरला. दोरा घसरला आणि खिडकीवालीच्या पापणीवर बारीकशी चीर पडली. "काही नाही हो, होतं असं," खिडकीवाली कापूस दाबून म्हणाली. मावशीने दोरा खाली ठेवला. हात पुढे धरून बघितला तर बोटं आपल्याआपणच हलत होती. तिने हाताला दम दिल्यासारखं बघितलं, पण तो काही ऐकेना.

ज्याला विचारावं त्याच्याकडे उत्तर तयार होतं. शेजारीण म्हणाली, वय झालं. बहीण फोनवर म्हणाली, रक्त कमी असेल. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. मावशीला सगळ्यांचंच पटायचं. एकाच वेळी सगळं कसं खरं असेल, एवढा विचार करायला डोकं स्वस्थ हवं, आणि तेच जागेवर नव्हतं.

मग पाय सुजले. सकाळी डोळ्यांखाली पिशव्या दिसायला लागल्या, आणि लघवीला फेस यायला लागला. हे नवऱ्याला सांगायला तिने बरेच दिवस लावले. त्याने ऐकून घेतलं, पान्यांची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "आतलं काहीतरी गळतंय. चल मोठ्या दवाखान्यात."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने तरुण आणि बोलायला शांत होत्या. तपासण्यांचे कागद बघून म्हणाल्या, "तुमच्या मूत्रपिंडातून प्रथिनं बाहेर पडतायत. जी शरीरात राहायला हवीत ती."

"म्हणजे वॉशर गेला," नवरा म्हणाला.

"तसंच समजा. का गेला ते शोधायचंय." मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. साखर आहे का. दुखण्यावरच्या गोळ्या घेता का. कुणा वैदूचं औषध. "तोंडाला रंग उजळायचं क्रीम वगैरे लावता?"

"नाही," मावशी म्हणाली.

"हिने उभ्या जन्मात तोंडाला पावडर लावली नाही," नवऱ्याने जोड दिली.

"काम काय करता?"

"घरीच असते," तोच म्हणाला. आणि तेही खरंच होतं. दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नाही, आणि कागदावर सगळं चुकीचं लिहिलं गेलं.

मूत्रपिंडाचा बारीक तुकडा सुईने काढून तपासायचं ठरलं. मावशीला खाटेवर झोपवलं. सलाईनची सुई लावायला परिचारिका आली, हात उलटा करून शीर शोधायला लागली आणि थांबली. दुसरा हात घेतला. दोन्ही बाह्या वर सरकवल्या.

"मावशी, हात कधी भाजले होते का?"

"नाही गं."

"मग ही रेघ कसली?"

मावशीने बाही खाली ओढली. इतक्या वर्षांत त्या रेघेची तिला पहिल्यांदाच लाज वाटली. "कामाने झालंय."

"कसलं काम? यजमान तर म्हणाले घरी असता."

"घरीच. पार्लर आहे माझं. घरीच आहे ते."

परिचारिकेने सुई बाजूला ठेवली आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्या आल्या, दोन्ही हात उजेडात धरून बघितले. मग म्हणाल्या, "तुम्ही इतरांना काय लावता, ते मी विचारलंच नाही."

नवरा घरून पांढऱ्या डब्या घेऊन आला. क्रीम तपासायला गेलं, मावशीचं रक्त आणि लघवीही गेली. उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा मावशीला ते कळलंच नाही.

"पारा?" तिने विचारलं. "थर्मामीटरमधला?"

"तोच. क्रीममध्ये चालतो त्याच्या कितीतरी हजार पटीने जास्त."

"पण तो चकचकीत असतो. हे तर पांढरं आहे."

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पाऱ्याचे क्षार पांढरेही असतात. त्वचेत रंग तयार होतो त्या कामातच पारा आडवा पडतो, म्हणून माणूस उजळ दिसतो. पण तो कातडीवर थांबत नाही. आत उतरतो, मूत्रपिंडात बसतो, मेंदूला आणि नसांना छळतो. हात कापणं, झोप जाणं, विसरणं, उगाच रडू येणं, एकाएकी संतापणं, सगळं त्याचंच.

"मी इतके महिने म्हणत होतो हिचा पारा चढतो," नवरा हळूच म्हणाला. कुणी हसलं नाही, तो स्वतःही नाही. त्याच्याही रक्तात थोडा सापडला होता. ज्या टॉवेलला ती हात पुसे त्यालाच तो तोंड पुसायचा. त्या हातांनी वाढलेलं तो जेवायचा.

डब्यांत आणखी एक गोष्ट सापडली होती. जोरदार स्टेरॉइड. त्याने चेहरा पटकन मऊ आणि तुकतुकीत होतो, आणि पुढे कातडी कागदासारखी पातळ होत जाते. मावशी ऐकत होती आणि तिला एकेक चेहरा दिसत होता. गालावर लाल बारीक शिरा उमटलेली ती शिक्षिका. उन्हात पाऊल टाकलं की आग होते म्हणणारी ती औषधाच्या दुकानातली. या बायकांना मावशीने काय सांगितलं होतं? कातडी नाजूक झालीय, म्हणजेच उजळतेय. हे ती मनापासून म्हणाली होती.

पारा बाहेर काढायच्या गोळ्या सुरू झाल्या. पार्लरवर नवऱ्याने कुलूप घातलं. उरलेल्या डब्यांचं काय करायचं यावर घरात दोन दिवस खल झाला. मावशी म्हणाली, नाल्यात ओतू. नवरा म्हणाला, ते पाणी पुढे कुठे जातं ते मला विचार. ती म्हणाली, जाळू. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, चुकूनसुद्धा जाळू नका, धूर त्याहून वाईट. शेवटी तोंड घट्ट बांधलेली पिशवी जिन्याखाली ठेवली, दवाखान्याने मागितली की पोचवायची म्हणून.

पेटीवाला नेहमीसारखा आला. त्याला काय काय सुनवायचं हे मावशीने मनात घोकून ठेवलं होतं. पण सगळं ऐकून तो पेटीवरच बसला.

"पारा? मावशी, मला कोण सांगतंय? मला एक माणूस देतो. त्याला दुसरा कुणीतरी."

"झाडपाल्याचं म्हणाला होतास."

"तो म्हणाला, म्हणून मी म्हणालो." मग त्याने विचारलं, "माझी बायको रोज लावते. तिला काय सांगू?"

घोकून ठेवलेल्यातलं एकही वाक्य मावशीला आठवेना. ती म्हणाली, "आधी बंद करायला सांग. मग लघवी तपासून आण." तो पेटी उचलून गेला. त्याच्यावर रागवायचं राहूनच गेलं, हे नंतर तिच्या लक्षात आलं. आणि रागवायचं तरी कुणावर, पुढच्या माणसावर की त्याच्याही पुढच्या?

मग ती गिऱ्हाइकांच्या घरी जायला लागली. पाय अजून सुजलेले, म्हणून नवरा बरोबर. दारात उभं राहून ती एकच गोष्ट सांगायची: मी लावत होते त्यात विष होतं, बंद करा, डॉक्टरकडे जाऊन तपासून घ्या. कुणी दार लावून घेतलं. कुणी तिलाच बसवून पाणी दिलं. एक बाई म्हणाली, "तुमचं पार्लर चालत नाही म्हणून आमचं उजळणंही बंद पाडताय का?" आणि तीच दुसऱ्या पार्लरमध्ये तसलीच डबी घेताना दिसली, असं शेजारणीने सांगितलं.

खिडकीवालीने मात्र लगेच ऐकलं. त्याच दिवशी डबी आणून मावशीच्या हवाली केली. दोन-तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा डोक्यावरून ओढणी घेऊन आली आणि आत येऊन दार लावल्यावरच ती काढली.

चेहरा लालभडक झाला होता. गालांवर पुटकुळ्या, हनुवटीला खपल्या, आणि कपाळ पूर्वी कधी नव्हतं इतकं काळवंडलेलं.

"तुम्ही बंद करायला लावलंत आणि हे झालं," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "लावत होते तोवर काही नव्हतं."

मावशीने तिचा चेहरा उजेडाकडे वळवून बघितला. तिचं म्हणणं खोटं कसं म्हणायचं? क्रीम होतं तेव्हा चेहरा चांगला होता. क्रीम गेलं आणि चेहरा गेला. डोळ्यांना तर हेच दिसत होतं. क्षणभर मावशीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. तपासणीचे कागद कुणा दुसऱ्याचे असतील. हात थरथरायचं कारण दुसरंच असेल.

"एखादी डबी उरलीय का?" खिडकीवालीने विचारलं. "थोडी. हे बसेपर्यंत."

पिशवी जिन्याखालीच होती. अजून कुणी मागितली नव्हती. "नाही," मावशी म्हणाली, आणि खोटं बोलल्यावर तिला जरा धीर आला.

खिडकीवाली खुर्चीत बसली. आरशाकडे पाठ करून. "मावशी, मी काचेमागे बसते. लोकांना माझं एवढंच दिसतं," तिने चेहऱ्याभोवती बोट फिरवलं. "आधी 'ए, एक तिकीट' म्हणायचे. गेली दोन वर्षं 'मॅडम' म्हणतात. आता या तोंडाने मी खिडकीत कशी बसू? तुम्ही सांगा."

रंग बघून मान देणारे लोक चुकतात, असं मावशीने म्हणावं, तर लोक चुकतात याच भरवशावर तिचं पार्लर चाललं होतं. रंगात काय आहे, असं म्हणावं, तर इतकी वर्षं ती काय विकत होती? ती उठली, भिंतीला धरून चपला घातल्या आणि म्हणाली, "चल. माझ्याबरोबर चल."

मोठ्या दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांचा वेगळा कक्ष होता. त्यांनी खिडकीवालीचा चेहरा भिंगातून बघितला आणि नवल वाटल्यासारखं काहीच केलं नाही. असे चेहरे ते रोज बघत असावेत. म्हणाले, कातडीला स्टेरॉइडची सवय लागली होती, ते अचानक तुटलं म्हणून ती चवताळलीय. बसेल, पण सावकाश. महिने लागतील, आणि मधे पुन्हा तेच क्रीम लावलंत तर पहिल्यापासून सुरुवात. काळे डाग काही जातील, काही कदाचित राहतील. रक्तदाब घेतला, तो तिच्या वयाला नको इतका जास्त निघाला. लघवी तपासायला पाठवली.

"म्हणजे बंद केलं ते बरोबर केलं?" मावशीने विचारलं. तिला ते कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

"एकदम न करता आमच्याकडे येऊन केलं असतंत तर त्रास कमी झाला असता," डॉक्टर म्हणाले. "पण बंद करणं बरोबरच."

मावशीला यातलं अर्धं वाक्य ठेवावं की पूर्ण, ते कळेना.

पुढे पुष्कळ दिवस दोघी बरोबरच दवाखान्यात जात राहिल्या. मावशीची सूज उतरली, लघवीतला फेस कमी होत गेला, तोंडाला चव आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नशीब, वेळेत आलात, तरी तपासण्या चालू ठेवायच्या. हाताची थरथर बरीच गेली, पूर्ण गेली नाही. भुवया करायचं तिने सोडलं. पार्लरचं कुलूप काढलं ते केस कापण्यापुरतं आणि मेंदीपुरतं. गिऱ्हाइकं निम्म्याहून कमी झाली. जी येत, त्यांच्यातलीही एखादी मुलीला पुढे ढकलून म्हणे, "हिचं जरा बघा ना." मावशी मुलीकडे बघे आणि काय बघायचं तेच तिला उमजेनासं होई. "बघते ना," ती म्हणे आणि केसांचं माप घ्यायला लागे.

खिडकीवालीच्या लघवीत थोडं प्रथिन निघालं. औषधाने ते आटोक्यात राहिलं. चेहरा शांत झाला, डाग फिके झाले. एकदा दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघताना तिने विचारलं, "मावशी, मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझा रंग कसा होता हो? डॉक्टर विचारतात, मूळचा किती आला म्हणून. मला आठवत नाही."

मावशीने आठवून बघितलं. तिला खुर्ची आठवली, ओढणीचा रंग आठवला, त्या दिवशी भुवया फार जाड होत्या हेही आठवलं. रंग काही आठवेना. पाऱ्याने पुसला की तेव्हाच तिने नीट बघितला नव्हता, याचाही तिला पत्ता लागेना.

"फोटो असेल ना घरी," ती म्हणाली.

"आहेत. सगळ्यांतच चेहरा उजळ करून घेतलाय मी."

आतून खिडकीवालीचा नंबर पुकारला गेला. मावशीने तिची पिशवी मांडीवर घेतली आणि ती परत येईपर्यंत बाकावर बसून राहिली.